राणीचा खुबा: साताऱ्यातल्या एका लॅब्राडॉरची एक्सरे केस, सगळ्या तपशिलासकट

राणी, पिवळी लॅब्राडॉर, मादी, वय पाच वर्षं, वजन ३९ किलो, घर साताऱ्यात शाहूपुरीला. तक्रार काय तर मागचा डावा पाय नीट टेकवत नाही, दीडेक महिना झाला. तिचे मालक काका एसटीतून रिटायर झालेले, त्यांनी मोबाईल पुढं केला, त्यात एका एक्सरेचा फोटो, फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला, आणि सोबत एक चिठ्ठी की डावा खुबा सरकलाय, हिप डिस्प्लेसिया आहे, ऑपरेशन करा नाहीतर कायम गोळ्या. "डॉक्टर, वाटीतनं बॉल निसटलाय म्हणत्यात, नवा बसवायचा तर काय खर्च येतोय तेवढं सांगा," हा काकांचा पहिलाच प्रश्न. मागं काकू उभ्या, रडवेल्या, कारण त्यांना शेजारच्या कुणीतरी सांगितलेलं की असली कुत्री पुढं पुढं उठतच नाहीत.

ही केस पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतोय कारण खुब्याच्या एक्सरेबद्दल मालकांना आणि नव्यानं प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांना जे कळायला पाहिजे ते हिच्यात जवळजवळ सगळं आलंय, आणि आता सातारा, कराड, वाई सगळीकडं लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर घरोघरी झालेत, त्यामुळं "खुब्याचा एक्सरे काढून आणा" हे वाक्य बऱ्याच जणांच्या कानावर पडणार आहे.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. हिप डिस्प्लेसिया म्हणजे पिल्लू जन्मतं तेव्हा खुबा ठीकच असतो, पण वाढीच्या महिन्यांत सांधा ढिला राहतो, मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत घट्ट बसत नाही, चालताना आतबाहेर होत राहतो, त्यानं वाटीची कड झिजते, वाटी उथळ राहते आणि मग शरीर ती ढिलाई सांभाळायला आजूबाजूला नवं हाड घालायला लागतं, तोच पुढचा संधिवात. कुत्र्यांमधला हा आजार अमेरिकेत श्नेल नावाच्या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात पहिल्यांदा मांडला, तोही एक्सरेच्या जोरावरच. आजार आनुवंशिक आहे, पण एकाच जीनचा नाही, अनेक जीन्स मिळून येतो आणि त्यात वजन आणि वाढीचा वेग भर घालतात. मोठ्या, जड जातींत जास्त, ग्रेहाउंडसारख्या शिकारी कुत्र्यांत फारच कमी. मूळ शब्द लक्षात ठेवायचा तो ढिलाई. संधिवात नंतर येतो, ढिलाई आधी असते, आणि नेहमीच्या एक्सरेत संधिवात छान दिसतो पण ढिलाई बऱ्याचदा लपते. ह्यावर पुढं येतोच.

आता राणीची हिस्ट्री. काकांना म्हणलं पहिल्यापासून सांगा, पाय कधी उचलला तेवढंच नको. तर निघालं असं की वर्षभरापासून सकाळी उठताना ती कडक असायची, थोडं चालली की मोकळी व्हायची, जिना चढायला नको म्हणायची, पळताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकायची. हे सगळं "वजन वाढलंय" म्हणून सोडून दिलेलं. आणि मग पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात फिरायला नेलेली असताना माकडाच्या मागं धावली, परत आली ती डावा पाय उचलूनच. म्हणजे ह्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एक वर्षभर हळूहळू चाललेली आणि दोन्ही पायांची, दुसरी एका दिवशी अचानक आलेली आणि एकाच पायाची. चिठ्ठीवर मात्र दोन्हीला मिळून एकच नाव लिहिलेलं. माझं लक्ष इथंच अडकलं.

तपासणी टेबलावर घ्यायच्या आधी मी कुत्रं नेहमी बाहेर चालवून बघतो. राणी डाव्या पायाची फक्त बोटं टेकवत होती, वजन देत नव्हती. बसायला सांगितलं तर सरळ बसली नाही, डावा पाय बाजूला फेकून बसली, गुडघा पूर्ण मोडायला तयार नाही. मांडीचा घेर टेपनं मोजला, डावी ३७ सेंटिमीटर, उजवी ४१. पंजा उलटा ठेवला की लगेच सरळ करत होती म्हणजे नसांचा प्रश्न दिसत नव्हता, ही तपासणी वय झालेल्या जर्मन शेफर्डमध्ये तर कधीच चुकवू नये कारण तिथं मणक्याचा आजार खुब्याच्या नावावर खपून जातो. कंबरेवर, शेपटीच्या मुळाशी दाबून बघितलं, काही नाही.

मग खुबा. आणि इथं एक गोष्ट सविस्तर सांगतो कारण ह्यात भरपूर जण फसतात. खुबा दुखतो का बघायला आपण काय करतो, कुत्र्याचा पाय खालून, घोट्याजवळ धरतो आणि मागं ताणतो. कुत्रं कळवळलं की "खुबा दुखतोय" असं लिहून मोकळे. पण पाय खालून धरून मागं ताणला की खुब्याबरोबर गुडघाही ताणला जातो आणि कंबरही. तीन ठिकाणं एकदम ताणली जातात आणि दोष एकाच्या माथी. म्हणून मांडी गुडघ्याच्या वर धरायची, गुडघा मोडलेलाच ठेवायचा आणि मग फक्त खुबा मागं न्यायचा. राणीला असं केलं तर थोडी अस्वस्थ झाली, मान वळवून बघितलं, बास. तसंच उजव्या बाजूला केलं, तेवढीच प्रतिक्रिया. मग खुबा जागच्या जागी ठेवून नुसता डावा गुडघा सरळ केला, तर किंकाळी. गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर कडक जाडसर उंचवटा लागत होता, उजव्याला तसा नव्हता.

म्हणजे एक्सरे मशीन चालू करायच्या आधीच डोक्यात शंका तयार होती. फिल्म आपल्या प्रश्नाचं उत्तर देते, प्रश्नच चुकीचा असेल तर ती त्याचंही उत्तर देते आणि आपण समाधानानं घरी जातो.

आणलेली फिल्म मोठी करून बघितली. कंबरेच्या हाडात खाली दोन मोठी भोकं असतात, ऑब्च्युरेटर फोरामेन म्हणतात त्यांना, कुत्रं सरळ झोपलं असेल तर दोन्ही सारखी दिसतात. ह्या फिल्ममध्ये एक गोल आणि दुसरं नुसती चीर. वरच्या बाजूची दोन पंखांसारखी हाडं, एक रुंद एक अरुंद. मांडीची हाडं एकमेकांना समांतर नाहीत, डावं बाहेर वळलेलं. आणि फिल्म गुडघ्याच्या वरच कापलेली, गुडघे आलेच नाहीत. कंबर अशी एका अंगावर कलली की एका बाजूची वाटी आहे त्यापेक्षा उथळ दिसते आणि दुसऱ्या बाजूची आहे त्यापेक्षा खोल, त्यामुळं एक खुबा सुटल्यासारखा आणि दुसरा चांगला वाटतो. मी त्यावर कुठलाही कोन मोजायला घेतला नाही, कलती फिल्म मोजून आकडा येतो पण तो आकडा कुत्र्याचा नसतो, कलण्याचा असतो.

काकांना सांगितलं की परत काढावा लागेल आणि ह्यावेळी भूल देऊन. काका म्हणले, "आधी तर नुसतं दोघांनी धरून काढला की, भूल कशापायी? वय झालंय तिचं." प्रश्न बरोबर आहे, प्रत्येक मालक हेच विचारतो आणि त्याला नीट उत्तर मिळायला पाहिजे. एक तर जागं कुत्रं घाबरून स्नायू आवळतं आणि आवळलेले स्नायू ढिला सांधाही घट्ट करून दाखवतात. दुसरं, दुखरा पाय ते पूर्ण ताणू देत नाही, मग कंबर कलते आणि वर सांगितली तशी फिल्म येते. तिसरं म्हणजे धरणारी माणसं, हात थेट किरणांत, बऱ्याचदा अंगावर लेड अ‍ॅप्रनही नाही, आणि हे काम रोज करणारे असिस्टंट तर वर्षानुवर्षं ते किरण अंगावर घेत असतात. मला हे अजिबात मान्य नाही. पाच वर्षं म्हणजे म्हातारपण नाही, पण वजन जास्त होतं म्हणून रक्त तपासलं, किडनी लिव्हर ठीक, हृदय ऐकलं, रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली.

भुलेसाठी झायलाझिन आणि ब्युटॉर्फेनॉल दिलं, जिभेला पल्स ऑक्सिमीटर लावला, ऑक्सिजन हाताशी. झायलाझिननं कुत्री उलटी करतात, नाडी मंदावते, म्हणून उपाशीपोट आणि मॉनिटर दोन्ही हवंच.

ती सैल झाल्यावर एक्सरेच्या आधी हातानं परत तपासली, ही संधी सोडायची नसते कारण जाग्या कुत्र्यात न सापडणारी गोष्ट भुलेत सापडते. ऑर्टोलानी टेस्ट केली, मूळची माणसांच्या तान्ह्या बाळांसाठी इटलीतल्या ऑर्टोलानी नावाच्या बालरोगतज्ज्ञांची, कुत्र्यांना जशीच्या तशी लागू पडते. मांडी वरून खाली दाबायची म्हणजे ढिला गोळा वाटीच्या कडेवर चढतो, मग पाय हळू बाहेर फाकवायचा, गोळा परत वाटीत पडताना हाताला टक लागतं. राणीत टक लागलं नाही. पाच वर्षांच्या कुत्र्यात न लागणं म्हणजे खुबा चांगला असं नसतं, इतक्या वर्षांत कड झिजून गेलेली असते, सांध्याभोवतीचं आवरण म्हणजे कॅप्सूल जाड झालेलं असतं, टक लागायला जागाच उरत नाही. ही टेस्ट तरण्या कुत्र्यांत खरी कामाची.

मग गुडघा. एका हातानं मांडीचं हाड घट्ट धरायचं, दुसऱ्यानं नडगीचं हाड पुढं ओढायचं. उजवीकडं काही हललं नाही. डावीकडं नडगी टेबलाच्या खणासारखी सरळ पुढं आली. ह्या टेस्टचं नावच ड्रॉवर टेस्ट आहे. जागेपणी हीच टेस्ट मी करून बघितली होती तेव्हा मांडीचे स्नायू इतके आवळलेले की काहीच कळत नव्हतं.

आता पोझिशन. उताणी झोपवली फोमच्या खाचेत, छाती कलू नये म्हणून दोन्ही बाजूला वाळूच्या पिशव्या. मागचे दोन्ही पाय सरळ मागं ताणले, एकमेकांना समांतर, टेबलालाही समांतर, आणि आतल्या बाजूला थोडे वळवून गुडघ्यांभोवती टेप मारला म्हणजे गुडघ्याची वाटी बरोबर मध्यभागी येते. शेपूट सरळ, पायांच्या मध्ये. ओटीपोटाच्या खालच्या हाडावर सेंटर, कंबरेच्या शेवटच्या मणक्यांपासून गुडघ्याच्या खालपर्यंत सगळं फ्रेममध्ये. डावी उजवी मार्कर. दहा सेंटिमीटरपेक्षा जाड भाग असला की ग्रिड म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी जाळी वापरायची, नाहीतर त्या किरणांनी फिल्म धुरकट येते, आणि ३९ किलोच्या लॅबची कंबर त्याहून कितीतरी जाड. पहिल्या फिल्ममध्ये कंबर किंचित उजवीकडं कललेली होती, भोकांच्या आकारातनं लगेच दिसलं, खाली पातळ फोम सरकवून परत घेतली. डिजिटल पॅनलवर हे बरं पडतं, काही सेकंदात दिसतं, कुत्रं अजून भुलेतच असतं.

आता दुसरी फिल्म काय म्हणते.

दोन्ही भोकं सारखी, दोन्ही पंख सारखे, मणका सरळ, मांड्या समांतर, गुडघ्याच्या वाट्या मध्यभागी. हे आधी बघायचं, खुबा नंतर. मग नॉर्बर्ग कोन मोजला. दोन्ही गोळ्यांचे मध्यबिंदू शोधायचे, ते जोडणारी एक रेघ, मग त्या त्या मध्यबिंदूपासून वाटीच्या पुढच्या बाहेरच्या कडेपर्यंत दुसरी रेघ, दोन्हीमधला कोन. १०५ अंश किंवा जास्त असेल तर नॉर्मल धरायची रीत आहे. राणीचा उजवा ९८, डावा ९६. गोळ्याचा निम्मा तरी भाग वाटीच्या छताखाली असावा लागतो, दोन्हीकडं निम्म्याला थोडा कमी. दोन्हीकडं मांडीच्या हाडाच्या मानेवर ती उभी पांढरी रेघ, मॉर्गन लाइन म्हणतात, कॅप्सूल जिथं चिकटतं तिथं नवं हाड आल्याची खूण. मान थोडी जाड झालेली, वाटीच्या कडेला थोडा खरबरीतपणा. म्हणजे हिप डिस्प्लेसिया आहे, संधिवातही सुरू झालाय, पण दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा. दोन अंशांचा फरक म्हणजे काहीच नाही, तेवढा फरक एकाच फिल्मवर दोन जणांनी मोजला तरी पडतो. पहिल्या फिल्मवरचा "निसटलेला" डावा खुबा मुख्यतः कललेल्या कंबरेची करामत होती.

आणि मग साधा प्रश्न. दोन्ही खुबे सारखेच खराब, तर कुत्रं एकट्या डाव्या पायानं का लंगडतंय?

गुडघ्याच्या आडव्या फिल्म घेतल्या, दोन्हीच्या, तुलनेला. गुडघ्याच्या वाटीखाली चरबीची एक काळसर त्रिकोणी सावली असते, उजव्यात स्वच्छ दिसत होती. डाव्यात ती दाबून जवळजवळ गेलेली, सांध्यात पाणी भरलेलं, मागच्या बाजूचं कॅप्सूल फुगलेलं, वाटीच्या खालच्या टोकाला बारीक हाड वाढायला लागलेलं. क्रुशिएट लिगामेंट म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्यात बांधून ठेवणारा दोरीसारखा पट्टा, तो एक्सरेत दिसत नाही, पण तो तुटल्यावर सांध्याची जी गत होते ती दिसते, आणि ड्रॉवर टेस्टनं बाकीचं सांगितलंच होतं. निदान: डाव्या गुडघ्याचं पुढचं क्रुशिएट लिगामेंट तुटलेलं, आणि जोडीला दोन्ही खुब्यांचा जुना, मध्यम डिस्प्लेसिया. कुत्र्यात हे लिगामेंट बहुतेक वेळा आतनं आधीच झिजत आलेलं असतं, माकड हे शेवटचं निमित्त.

हे काही अपवादात्मक नाही. २००५ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला होता, हिप डिस्प्लेसियामुळं लंगडतंय असं ठरवून पाठवलेल्या ३६९ कुत्र्यांचा, आणि त्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचं गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं निघालं. विचार करा, ह्यातल्या एखाद्या कुत्र्याचा खुबा बदलला असता तर पैसे गेले, भूल दिली, हाड कापलं, आणि कुत्रं लंगडतच घरी. खुबा फिल्मवर वाईट दिसणं आणि खुबा दुखणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कितीतरी लॅब फिल्मवर भयंकर दिसणारे खुबे घेऊन मजेत पळत असतात, आणि एक वर्षाच्या आतली काही कुत्री फिल्मवर फारसं काही नसताना दुखण्यानं बेजार असतात.

काकांना दोन्ही फिल्म स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून दाखवल्या, भोकांवर बोट ठेवून. माणूस साधा पण नजर तीक्ष्ण, लगेच म्हणले, "म्हंजे तवा ती वाकडीच झोपली हुती." बरोबर हेच.

सीटी, एमआरआय करू का असं काकांच्या पुण्यातल्या मुलानं फोनवर विचारलं. राणीला गरज नव्हती. खुबा बदलायचा असेल, वाटीची खोली त्रिमितीत मोजायची असेल किंवा अपघातात कंबर मोडली असेल तर सीटी उपयोगाचं, मणक्याच्या नसांची शंका असेल तर एमआरआय. लंगडणाऱ्या कुत्र्याला पहिल्या पायरीवर हे सांगणं मला पटत नाही, सरळ काढलेली साधी फिल्म आणि हात ह्यातनं बहुतेक उत्तरं मिळतात.

गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं, टीपीएलओ, नडगीच्या हाडाचा वरचा उतार कापून फिरवतात आणि प्लेट बसवतात म्हणजे लिगामेंटशिवायही गुडघा स्थिर राहतो. इतक्या जड कुत्र्यात नुसत्या विश्रांतीवर गुडघा धड होण्याची आशा कमी असते. ऑपरेशननंतर दोन महिने फक्त दोरीला बांधून थोडं थोडं चालणं, जिना बंद, मग परत एक्सरे, हाड जुळलेलं दिसलं. घरात टाइल्सवर पाय घसरतो म्हणून तिच्या वाटेवर रबरी मॅट टाकायला लावल्या, सतरंजी नको, ती स्वतःच सरकते. काकांच्या मेहुण्यांचं कोरेगावला शेततळं आहे, तिथं पोहवू का विचारलं, नको म्हणलं, त्या प्लास्टिकच्या कागदावर भलीभली कुत्री वर येताना घसरतात. आणि माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या घरातनं काढून बाजूला ठेवायला सांगितल्या, आधी दोनतीन दिल्या होत्या असं काकू हळूच म्हणल्या. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात जखमा करतात, किडनी बसवतात, एका गोळीनंही घात होऊ शकतो. कुत्र्यांसाठीची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरांना विचारूनच.

सगळ्यात मोठं काम मात्र वजनाचं होतं, आणि ते काकूंचं होतं. राणीसारख्या मादीला तिशीच्या आसपास वजन पुरतं, ही ३९. सकाळी तूप लावलेली चपाती, चहाबरोबर बिस्किटं, रात्री भात, आणि त्यात पेडिग्रीचं तयार खाद्यही. काकूंना मी लॅब्राडॉरवरचाच एक जुना प्रयोग सांगितला. प्युरिना ह्या कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी ४८ लॅब पिल्लांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला घातलं, जन्मभर. कमी खाणाऱ्यांत हिप डिस्प्लेसियाचं प्रमाण कमी निघालं, खुब्याचा संधिवात एक्सरेत कितीतरी वर्षं उशिरा दिसायला लागला, आणि ती कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "चपाती अजिबात न्हाय?" म्हणलं अर्धी, कोरडी, आणि रोजच्या मापातनं तेवढं वजा करून. त्यांनी स्वयंपाकघरात वजनकाटा आणला, आता मोजून घालतात. राणी ३२ किलोवर आली आहे. सकाळचा कडकपणा खुब्याचा होता तो पूर्ण गेला नाही, थंडीत जाणवतो, पण डावा पाय पूर्ण टेकवते आणि रोज अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर थोडं चढून येते.

इथं केस संपली असती, पण राणीला आधी एकदा पिल्लं झालेली. त्यातली एक, चिमणी, कोरेगावला त्याच मेहुण्यांकडं, वय आठ महिने, लंगडणं वगैरे काही नाही, आणि पुढच्या माजाला तिला नराला दाखवायचं ठरलेलं. कागदपत्रं आहेत, वंशावळ चांगली आहे म्हणाले. वंशावळीचा कागद आईबाप कोण ते सांगतो, खुबा कसाय ते सांगत नाही. आईची फिल्म बघितल्यावर मी म्हणलं चिमणीला आणा.

भुलेत ऑर्टोलानी केली. उजवीकडं स्पष्ट टक, डावीकडं हलकं. आणि नंतर नेहमीची पाय ताणून घेतलेली फिल्म, अगदी सरळ आलेली, त्यात नॉर्बर्ग डावा १०६, उजवा १०४, संधिवाताची खूण नाही. मानेवर एक फिकट आखूड रेघ होती, दीड वर्षाच्या आतल्या पिल्लांत ती दिसते, पपी लाइन म्हणतात, तिला मॉर्गन लाइन समजून घाबरायचं नाही. नुसती फिल्म दिली असती तर कुणीही "जवळपास नॉर्मल" लिहिलं असतं. आईची बरोबर उलटी गोष्ट. कारण असं की पाय मागं ताणून आत वळवले की खुब्याचं कॅप्सूल पिळलं जातं आणि गोळ्याला वाटीत दाबून बसवतं, म्हणजे जी ढिलाई शोधायची तीच ह्या पोझिशनमध्ये झाकली जाते.

ह्याच कारणासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल स्मिथ ह्यांनी १९८० च्या दशकात वेगळी पद्धत काढली, पेनहिप. पाय ताणत नाहीत, उभं राहिल्यासारखे ठेवून मांड्यांच्या मध्ये उपकरण धरून गोळे बाहेरच्या दिशेला सरकवतात आणि किती सरकले ते मोजतात, आकडा ० ते १ मध्ये येतो, ०.३० पर्यंत असेल तर संधिवाताचा धोका कमी. १६ आठवड्यांपासून करता येते. त्याला ट्रेनिंग आणि उपकरण लागतं, माझ्याकडं नाही, म्हणून मी निदान हाताची टेस्ट तरी चुकवत नाही. अमेरिकेतली ओएफए संस्था पाय ताणलेल्या फिल्मवरच ग्रेड देते पण पक्का दाखला दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देत नाही, ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण, जितके जास्त तितका वाईट, आणि वय किमान एक वर्ष. आठ महिन्यांची फिल्म चांगली आली म्हणून मादी दाखवायची हे कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

मेहुण्यांशी बोलणं सोपं नव्हतं, एका वेताच्या पिल्लांचे पैसे चांगले येतात. पण मी स्पष्ट सांगितलं की टक लागलेल्या कुत्रीला, जिच्या आईला डिस्प्लेसिया आहे, दाखवू नये, पिल्लं घेणारी माणसं पुढं जे भोगतील ते आत्ता टाळता येतंय. लहान वयात करायची दोन ऑपरेशनं असतात, त्यातलं एक साधारण पाच महिन्यांच्या आतच करायचं असतं, ती वेळ गेली. दुसरं, कंबरेचं हाड कापून वाटी फिरवायचं, संधिवात सुरू व्हायच्या आत, साधारण दहा महिन्यांपर्यंत होतं, त्याची माहिती दिली, पुण्याला दाखवायला सांगितलं. चिमणीला दुखत काहीच नाही म्हणून त्यांनी तूर्त नको ठरवलं, ते मी समजू शकतो. वजन बारीक ठेवायचं, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, गच्चीवरनं चेंडूमागं उड्या मारायला लावायच्या नाहीत, दोन वर्षाची झाली की परत फिल्म, तशाच पोझिशनमध्ये म्हणजे तुलना करता येईल. नसबंदी वाढ पूर्ण झाल्यावर करायचं ठरलं.

दोघींच्या फिल्म मूळ डिजिटल फाइलमध्ये पेन ड्राइव्हवर दिल्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या नाहीत, तिथं फोटो दाबला जातो आणि बारीक रेघा पुसल्या जातात. राणीच्या त्याच वेताची बाकीची पिल्लं सातारा आणि आसपास गेलेली आहेत. काकांनी वहीतनं नंबर काढून एकेकाला फोन लावले, बहुतेकांनी "आमचं तर मस्त पळतंय" म्हणून विषय सोडला, रहिमतपूरचे एकजण मात्र ह्या रविवारी त्यांचा नर घेऊन येतायत, रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलंय.